लांब रनरचा इनटेक आणि गाडीची ओढ: आपापले अनुभव लिहा

इनटेक मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणारा भाग) रनर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, लांब असले की खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे ओढ, जास्त, हे वाचलेलं सगळ्यांनीच असतं. कसारा किंवा सप्तशृंगीच्या घाटात, भरल्या गाडीत ते कुणाला जाणवलंय का?

कॉलेजकुमार, गंगापूर रोड
आमच्या फॉर्म्युला स्टुडंट (कॉलेजांची रेसगाडी बनवायची स्पर्धा) गाडीला नियमानेच २० मिमीचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारं तोंड. वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडणारच, म्हणून वळणातून निघताना ७००० ला ओढ मिळवायची ठरली. पिस्टन खाली जाताना रनरमध्ये कमी दाबाची लाट उठते, प्लेनमच्या (रनर जिथून निघतात ती हवेची पेटी) तोंडाशी उलटते आणि जास्त दाबाची होऊन परत येते. इनटेक व्हॉल्व्ह मिटायच्या आत पोचली तर जादा हवा आत कोंबते. ७००० ला क्रँकचे ९० अंश फिरायला सुमारे २.१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाट जाऊन-येऊन ७२ सेंमी कापते, म्हणजे सिलिंडर हेडमधल्या पोर्टसकट (हवेची वाट) नळी ३६ सेंमी. कागदावर झकास! पण सगळं रोल हूपच्या (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी कमान) आड बसवताना रडकुंडीला आलो. ओढ मिळाली, १०,००० च्या पुढे मात्र गाडी ढिम्म.

गॅरेजवाला, अंबड
दोन लांबीचा इनटेक असलेल्या पेट्रोल गाड्या येतात. लांब-आखूड वाट बदलणारा आतला फ्लॅप आखूड वाटेवर अडकला की खालचा दम गेला. एक गिऱ्हाईक बाहेर क्लच प्लेट बदलून आलं, तरी चढाला गाडी मरतच होती. फ्लॅप ओढणाऱ्या डायफ्रामपाशी व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला निघाला. बोटभर रबर बदललं, काम झालं. आधी फ्लॅपची दांडी हाताने हलवून बघा, मग गिअरबॉक्स उतरवा.

जुन्या गाड्यांचा वेडा
१९६० ची क्रायस्लर ३००एफ बघा. ३० इंची रनर, कार्बोरेटर थेट इंजिनाच्या पलीकडे! टॉर्क ४९५ पाउंड-फूट, तोही २८०० आरपीएमलाच. रेससाठी बाहेरून तोच मॅनिफोल्ड, आतली मधली भिंत कमी करून लांबी १५ इंचांवर आणली. इतकी सरळ युक्ती मला दुसरी माहीत नाही.

वणी लाइनचा ड्रायव्हर
आमच्या टर्बो डिझेलला हवा टर्बोच ढकलतो, तिथे नळीची लांबी कोण मोजतो? ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) काजळी मॅनिफोल्डमध्ये इतकी साचली होती की पोर्टात करंगळी जाईना. साफ केल्यावर नांदुरीहून वर गडावर गाडी तिसऱ्यात चढली.

पुन्हा कॉलेजकुमार
काका, काजळीने नळी अरुंद झाली, आखूड नाही. तो वेगळा आजार.

वणी लाइनचा ड्रायव्हर
असेल बाबा. पॅसेंजरला सांग.