जीवनसत्त्वांची कमतरता : ओळखता कशी, भरून काढता कशी?

रोज हे रुग्ण, रिपोर्ट आणि गोळ्या हाताळणाऱ्यांनी लिहावं. 'फळं-भाज्या खा' सगळ्यांना ठाऊक आहे; आकडे आणि चुका हव्यात.

फिजिशियन
बी-१२च्या कमतरतेची सुरुवात बहुधा पायांतल्या मुंग्यांनी होते. मग तोल जाणं, लाल गुळगुळीत जीभ, विसराळूपणा. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही नसा बिघडू शकतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) नॉर्मल आली की विषय संपला असं धरू नका. शाकाहारी माणसं, बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे, जठराचं ऑपरेशन झालेले, यांच्याकडे आधी बघावं. रक्तात मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की वाढणारं आम्ल) तपासा.
नुसतं फॉलिक ॲसिड देणं ही सगळ्यात वाईट चूक. रक्त सुधारतं, सगळे खूश होतात आणि नसा आतून खराब होत राहतात. नसांची लक्षणं असतील तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनंच. बाकीच्यांना रोज १०००ची गोळी सहसा पुरते, कारण इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन) नसला तरी साधारण १ टक्का शोषला जातोच. रक्त दोनेक महिन्यांत जागेवर येतं. मुंग्यांना कित्येक महिने लागतात, कधी त्या पूर्ण जातही नाहीत.

पॅथॉलॉजी लॅब
वरच्यात भर. रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर. उलट केलंत तर आकडा फुगलेला येतो. सोबत लोहही कमी असेल तर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल दिसतो, पण आरडीडब्ल्यू (त्यांच्या आकारातला फरक) वाढलेला असतो. अशा वेळी स्लाइड बघावीच : न्यूट्रोफिलच्या (एक प्रकारची पांढरी पेशी) केंद्रकाला पाचाहून जास्त पाळ्या (लोब) दिसल्या की संशय पक्का.
डी-साठी २५-हायड्रॉक्सी तपासणी. १,२५वाली मागवू नका, कमतरतेतही ती नॉर्मल किंवा जास्त येते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा. थायरॉइडपासून ट्रोपोनिनपर्यंतचे (हार्ट अटॅकची तपासणी) रिपोर्ट त्याने चुकतात.

फार्मासिस्ट
डी-ची ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे, तीही जेवणासोबत, कारण स्निग्धाशिवाय ती नीट शोषली जात नाही. लोक ती रोज घेतात! मग कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी. पाकिटावर वार लिहून द्यावा, तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत विरतं. आणखी एक : बी-६चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर त्यानेच मुंग्या येतात, आणि माणूस 'बी कमी पडलं' म्हणून डोस वाढवतो.

आहारतज्ज्ञ
स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी निरुपयोगी. शरीराला ते वापरता येत नाही, तपासणीत मात्र आकडा बरा दिसू शकतो. सी-साठी दिवसाला १० मिलिग्रॅमही स्कर्व्ही टाळतं, फक्त ते शिजवण्यात घालवू नका.

अतिदक्षता विभाग
दारू किंवा सततच्या उलट्यांनी खंगलेल्या माणसाला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-१) द्या, निदान सोबत तरी. नुसत्या ग्लुकोजने उरलंसुरलं थायमिनही संपतं. गोंधळलेपण, डोळ्यांची हालचाल बिघडणं, झोकांड्या जाणं सुरू होतं. रिपोर्टची वाट बघू नका.