भाड्याच्या घरातल्या सरकत्या खिडक्या आणि काचेची दारं तुम्ही कशी पक्की केलीत?

मंडळी, भाड्याच्या घरांत मुख्य दाराला लॅच, कडी, साखळी सगळं असतं आणि बाल्कनीचं स्लायडिंग मात्र बोटाने दाबायच्या एका टच लॉकवर. करार ११ महिन्यांचा, चौकटीला भोक पाडलं की डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार, म्हणून बरेच जण 'पुढच्या घरी बघू' म्हणत राहतात. तळमजला, पहिला मजला किंवा खिडकीशेजारून पाइप गेलेला असेल तर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय केलंत, काय टिकलं, सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. 'ट्रॅकमध्ये काठी ठेवा' हा सल्ला सगळे देतात. आपल्याकडच्या खिडकीला तो अर्धाच लागू पडतो, कारण इथे दोन्ही शटर, म्हणजे काचेचे पल्ले, सरकतात. खिडकी बंद असताना आतल्या ट्रॅकचा मोकळा भाग आपल्या हाताशी असतो, तिथे काठी बसते. बाहेरच्या ट्रॅकचा मोकळा भाग मात्र आतल्या शटरच्या पलीकडे, म्हणजे उघड्यावर राहतो. आत काठी असली तरी बाहेरचं शटर बाहेरून सरकवता येतं. तुमच्या खिडकीवर आजच बघा. दोन्ही शटर मधोमध जिथे एकमेकांवर येतात, तिथे ती एकमेकांना अडकली पाहिजेत. मधलं लॉक धड असेल तर तेच काम करतं. आमच्याकडचं ढिलं होतं. मालकांना मेसेज करून लेखी होकार घेतला आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून आतल्या शटरच्या पट्टीतून बाहेरच्या शटरच्या पट्टीत अर्ध्यापर्यंत जाणारं बारीक भोक पाडून घेतलं. त्यात स्टीलची पिन घातली की दोन्ही शटर जागेवर.

जुना_फॅब्रिकेटर, नाशिक
ताई, बरोबर लिहिलंत. पुढची पायरी सांगतो. शटर बसवताना आधी वरच्या खाचेत घुसवतात आणि मग खालच्या ट्रॅकवर सोडतात. काढायचं तेही तसंच, उचलून. म्हणून शटर अर्धं उघडा आणि दोन्ही हातांनी वर उचलून बघा. बेअरिंग, म्हणजे शटरखालची चाकं, ट्रॅकवरून सुटत असेल तर कुलूप, काठी काहीही असून उपयोग नाही. काही शटरच्या खालच्या कडेला बेअरिंग वर-खाली करायचा स्क्रू असतो. तो फिरवून शटर थोडं उंच करा, वरची फट कमी होते आणि चौकटीला ओरखडाही येत नाही. स्क्रू नसेल तर शटर बंद करून त्याच्या वरच्या फटीत कडक रबराची पट्टी दाबून बसवा. घर सोडताना ती ओढून काढता येते.

पर्वरीची_मी
आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर, अंगणात उघडणारं मोठं काचेचं दार. इथल्या पावसात लाकडी दांडा फुगतो आणि ट्रॅकमध्ये असा रुतून बसतो की निघता निघत नाही. पीव्हीसीचा पाइप कापून घ्या, मापापेक्षा अगदी थोडा आखूड. आणि एक विनंती, ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती पाइपने किंवा रबराने बुजवू नका. पाणी तुंबून थेट हॉलमध्ये येतं.

येऊरच्या_पायथ्याशी, ठाणे
आमच्याकडे चोरांपेक्षा माकडांचा ताप जास्त. हाताने ढकलून खिडकी उघडतात आणि ओट्यावरची केळी घेऊन जातात. ट्रॅकवर चिमटा बसवून स्क्रूने आवळायचा छोटा क्लॅम्प हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तेवढा पुरला.

आरोहीची_आई
तोच क्लॅम्प आम्ही मुलीसाठी वापरतो. हवा यावी, पण शटर ४ इंचांपेक्षा जास्त सरकू नये अशा बेताने आवळलाय. खिडकीखालचा दिवाणही हलवला, कारण चढायला पायरी मिळाली की मुलं चढतातच. जाळीच्या शटरवर विसंबू नका, ती डासांसाठी असते, मुलाचं वजन पेलत नाही.

प्लेनोकर, टेक्सस
इकडे अपार्टमेंटच्या पॅटिओच्या दाराला बहुधा एकच पॅनल सरकतं. ते आतल्या बाजूने सरकत असेल तर काठी पूर्ण काम करते. बाहेरच्या बाजूने सरकत असेल तर नाही. टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मुद्दाम सांगतो, स्वतःचे पैसे घालण्याआधी राज्याचा प्रॉपर्टी कोड बघा, कलम ९२.१५३. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक सरकत्या काचेच्या दाराला पिन लॉक, आणि त्याशिवाय हँडलची खिटी किंवा आडवा सुरक्षा बार, हे घरमालकाने स्वतःच्या खर्चाने बसवायचं असतं. आमच्या दाराला पिन लॉक नव्हतं. ऑफिसला कलमाचा उल्लेख करून लेखी विनंती दिली आणि त्यांचा माणूस येऊन बसवून गेला. तोंडी सांगून महिनोन्महिने ताटकळलेले शेजारी बघितलेत, म्हणून लेखीच द्या.

सायली_डोंबिवली
सगळं वाचून एक शंका. सासूबाई दुपारी एकट्या असतात. इतकं सगळं लावलं आणि घरात आग लागली तर त्या बाहेर कशा पडणार?

जुना_फॅब्रिकेटर, नाशिक
सायलीताई, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. ज्या दारातून खरोखर बाहेर पडता येतं, तिथे चावीचं काही लावू नका. पाइप किंवा दोरीला बांधलेली पिन असू दे, वाकून उचलता येईल किंवा ओढता येईल अशी. सासूबाईंना वाकवत नसेल तर पाइपच्या टोकाला जाड दोरी बांधून कमरेच्या उंचीवर अडकवा आणि ती ओढून दार उघडायचं त्यांच्याच हातून करून बघा. बाहेरून लोखंडी ग्रिल असेल तर त्याच्या झडपेचं कुलूप आणि चावी कुठे आहे तेही त्यांना ठाऊक हवं, आणि वर्षातून एकदा त्या कुलपात तेल सोडा. पावसाळ्यानंतर ती कुलपं हमखास गंजतात.