शब्दचर्चा : ‘मुटर’ला आई म्हणायचं की माता?

पिंपळपान : फ्रान्झ काफ्का या प्रागच्या ज्यू लेखकाच्या रोजनिशीतली काही पानं मूळ जर्मनमधून मराठीत आणते आहे. २४ ऑक्टोबर १९११ च्या नोंदीपाशी अडले. तो म्हणतो, आईवर जेवढी माया करायला हवी होती तेवढी माझ्याकडून झाली नाही, कारण जर्मन भाषा आडवी आली. ज्यू आई ही ‘मुटर’ (आईसाठीचा जर्मन शब्द) नव्हे. त्या शब्दात ख्रिस्ती तेज आहे तसा ख्रिस्ती थंडपणाही आहे. त्यापेक्षा ‘मामा’ बरं, पण त्यामागेही ‘मुटर’ दिसतेच. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘ज्यू आई ही आई नव्हे’ असं उतरलं आणि वाचून अंगावर काटा आला. शिवाय ‘मामा’ लिहिलं की आपल्याला आईचा भाऊ दिसतो. काय करू?

दौतटाक : सरळ ‘माता’ करा. राजमाता, गोमाता, मातापिता. शब्द मानाचा आहे, पण घरात कोणी ‘माते, वाढ गं’ म्हणत नाही. हवा तो थंडपणा आयता मिळतो.

सांजवात : नाही पटलं. ‘माता’ पुस्तकी आहे, ‘मुटर’ हा जर्मनांचा रोजचा शब्द. काफ्काला तो परका वाटतो तो जड आहे म्हणून नव्हे, दुसऱ्यांच्या घरचा आहे म्हणून. ‘मुटर’ तसाच ठेवा. ‘मामा’च्या जागी ‘मम्मी’ चालेल.

दौतटाक : ‘मम्मी’ नको हो! मराठीत आईला शब्द कमी पडले का?

सांजवात : निम्म्या महाराष्ट्रातली मुलं आज हीच हाक मारतात. ती मराठी नाहीत का?

चौकट : आम्ही चौघं भावंडं आईला ‘वहिनी’ म्हणायचो. एकत्र कुटुंब, काका-आत्या म्हणायचे तेच आम्ही उचललं. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात कागदावर नातं लिहायचं होतं, तिथे ‘आई’ लिहिताना हात अडला. आम्ही त्या नावाने तिला कधी बोलावलंच नव्हतं. माया कमी नव्हती. म्हणून मला वाटतं, काफ्का शब्दावर जरा जास्तच भार टाकतो.

रेवदंडा : आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब होतं. शनिवारी काम बंद, सणवार वेगळे, पण हाक ‘आई’च. आता ‘आई’ आपण देवीलाही म्हणतो, आई अंबाबाई, आई एकवीरा. तरी त्या घरात तो शब्द कधी परका वाटला नाही. इस्रायलला गेलेल्या मंडळींनी तिकडून मराठी त्रैमासिक काढलं त्याचं नावही ‘मायबोली’. म्हणजे थंडपणा शब्दात नसतो, शेजारात असतो. प्रागच्या ज्यूंना जर्मन ही वर चढायची पायरी होती. काफ्काचे वडील ओसेक या चेक खेड्यातून आले आणि मुलाला त्यांनी जर्मन शाळेत घातलं.

पिंपळपान : ‘मायबोली’वरून आठवलं, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे तिला ‘मामे-लोशन’ म्हणतात, म्हणजे अगदी मायबोली. ही नोंद लिहिली त्याच सुमारास काफ्का कॅफे साव्हॉयमध्ये यिडिश नाटकं पाहत होता. १८ फेब्रुवारी १९१२ ला त्याने प्रागच्या ज्यू टाउन हॉलमध्ये त्या भाषेवर भाषण केलं. तिला तेव्हा ‘जार्गन’ म्हणत. जर्मन बोलणाऱ्या ज्यू श्रोत्यांना त्याने सांगितलं की तुम्हाला वाटतं त्याहून जास्त जार्गन तुम्हाला समजतं. तर ‘मुटर’कडे मातृभाषा आणि ‘मामे’कडे मायबोली, अशी विभागणी करता येईल का?

दौतटाक : सुंदर, पण टिकणार नाही. त्याच्या चेक अनुवादक मैत्रिणीला, मिलेना येसेन्स्काला, १९२० मध्ये त्यानेच लिहिलं की जर्मन माझी मातृभाषा आहे, पण चेक मला कितीतरी अधिक जिव्हाळ्याची वाटते. यात यिडिश कुठे आहे?

चौकट : आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी बोलायची ती. त्या हिशोबाने उत्तर जर्मन, विषय संपला.

रेवदंडा : तिकडची जनगणना मातृभाषा विचारतच नव्हती. प्राग तेव्हा ऑस्ट्रियात होतं आणि १८८० पासून तिथे ‘उमगांग्सश्प्राख’ची नोंद होई, म्हणजे रोजच्या वापरातली भाषा. यिडिशला रकानाच नव्हता, म्हणून प्रागचा ज्यू माणूस एकतर जर्मन किंवा चेक मोजला जाई. ‘ज्यू’ हे राष्ट्रीयत्व म्हणून लिहिता आलं ते १९२१ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात.

सांजवात : याला मराठीत ‘व्यवहारभाषा’ म्हणूया?

दौतटाक : व्यवहार म्हटलं की पैसा येतो. ‘वापरभाषा’ म्हणा. आणि ‘आई’ हा शब्द मुळात कानडी ‘तायि’च्या घरचा असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

सांजवात : पुरावा द्या. ‘त’ कुठे गेला?

वर्धाकाठ : मूळ कुठलंही असो, आमच्याकडे ‘माय’च. तिसरीत ‘माझी माय’ असा निबंध लिहिला. बाईंनी सगळीकडे लाल शाईने ‘माय’ खोडून ‘आई’ केलं, एकूण अकरा ठिकाणी. घरी येऊन चुलीपाशी वाचून दाखवला. माय भाकर थापता थापता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘चांगलं लिवलं रे. कोनाच्या मायवर हाये?’