निजामकाळातला मराठवाडा: कपाटात आणखी कुठं शोधावं?

प्रश्न (परभणी): वाचनालयातलं ९५४.७९२ या आकड्याचं, महाराष्ट्राच्या इतिहासाचं कपाट चाळून झालं. अवचित काही हाती लागावं अशी दुसरी जागा कोणती?

उत्तर १: दादा, ९५४.८४ बघा. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, म्हणून ड्यूई वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत) कितीतरी पुस्तकं आंध्रच्या आकड्याखाली जातात. दोन्ही आकडे वेगळे पडतात, तिथंच माणूस चुकतो.

उत्तर २: मुक्तिसंग्रामातल्या लोकांची आत्मचरित्रं ९२० च्या आसपास, कधी ८९१.४६ या मराठी साहित्यातही निघतात. एक सापडलं की डावी-उजवीकडच्या १०-१० पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचा. जाडजूड गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) बहुधा खालच्या फळीवर आडवे असतात; वाकून बघाच.

उत्तर ३: काढलेलं पुस्तक अंदाजानं खोचू नका, टेबलावर ठेवा. जागा चुकली की नोंद असूनही ते सापडत नाही.