जिन्यातला दिवा: बंद म्हणजे बंदच असं नाही

तुम्ही लिहिलंय की जिन्यातला जुना होल्डर काढून एलईडी बसवायचाय आणि बटणं खाली एक, वर एक अशी दोन आहेत. बटणांच्या जोडणीला हातच लावू नका. दिव्याकडे दोनच वायरी येतात, त्या नव्या दिव्याला जोडल्या की झालं. 'टू-वेच्या (म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणाऱ्या तीन पिनांच्या बटणाच्या) मधल्या पिनवर फेज (वीज आणणारी वायर)' असं काही जण सांगतात, ते बटणांचा बोर्ड उघडला तरच कामाचं.

पण एक गोष्ट आधी तपासा. जुन्या घरांत वायर वाचवायला काही वायरमन दोन्ही बटणांवर फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) असं दोन्ही नेत, आणि दिवा दोन बटणांच्या मधल्या पिनांमध्ये टांगत. अशा जोडणीत दिवा विझलेला असताना होल्डरच्या दोन्ही वायरींवर जमिनीच्या तुलनेत 230 व्होल्ट असू शकतात! आमच्या जुन्या वाड्यात हेच होतं. बल्ब बदलताना असा झटका बसला की शिडी हलली.

ओळखायचं कसं? बल्ब काढा, होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा आणि बटणं आळीपाळीने वरखाली करून पाहा. नीट जोडणीत एक टोक कधीच पेटत नाही. दोन्ही टोकं कधी ना कधी पेटली तर वायरमनला बोलवून जोडणी बदलून घ्या.

काम करताना दोन्ही मजल्यांचे एमसीबी (मेन बोर्डावरचे लाईन तोडणारे स्विच) पाडा, कारण वरचा फेज वेगळ्या लाईनवरून आलेला असू शकतो. दिवा धातूचा असेल तर अर्थिंग हवंच.

आणि बंद केल्यावर एलईडी मिणमिणला तर दिवा परत करायला धावू नका. चालू वायरीशेजारून लांबवर समांतर गेलेल्या वायरींमुळेही तसं होतं.