एमजीबी: टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते, असं का?

वायर_व्हील

१९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळ ब्रिटिश बाजारासाठी बनलेली, त्यामुळे चारकोल कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा) नाही. दोन एचएस४ कार्बोरेटर, मागे एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक इंधनपंप.

टाकी काठोकाठ असेल तर १२-१५ किमीवर, अर्धी असेल तर ३०-३५ किमीवर गाडी आधी झटके देते, मग ॲक्सिलरेटर दाबूनही वेग घेत नाही आणि शेवटी बंद पडते. १० मिनिटं उभी ठेवली की सुरू होते, पुन्हा तेच. बंद पडण्याआधी पंपाची टिकटिक खूप मंदावते. अधूनमधून मागून पत्रा दबल्यासारखा आवाज येतो. फिल्टर, कॉइल, कंडेन्सर बदलले, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) साफ केले. टाकीचं झाकण महिन्यापूर्वी नवीन बसवलं आहे. पंपच बदलायचा का?

जुना_पाना

पंपाला हात लावू नका. टाकी श्वास घेत नाहीये, आणि संशयित ते नवीन झाकणच आहे.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे भरलेल्या आणि अर्ध्या टाकीतला फरक. ही टाकी साधारण ५४ लिटरची. अर्धी असताना पेट्रोलच्या वर सुमारे २७ लिटर हवा असते. २५ किमीत अडीच लिटर पेट्रोल गेलं आणि बाहेरची हवा आत आली नाही, तर तीच हवा साडेएकोणतीस लिटर जागेत पसरते. दाब ८ टक्क्यांच्या आसपास घसरतो. पंपाच्या दृष्टीने हे पेट्रोल आणखी मीटरभर खोलातून ओढण्यासारखं आहे. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, म्हणून प्रत्यक्षात घट याहून कमी असते, पण दिशा तीच. आता टाकी भरलेली घ्या: वर जेमतेम तीन-चार लिटर हवा, त्यामुळे एक लिटर पेट्रोल गेलं तरी पोकळी जोरदार होते. नळीत किंवा पिकअपच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाच्या) जाळीत कचरा असता तर भरलेल्या टाकीने इतका फरक पडला नसता. तो आवाज टाकीचा पत्रा आत ओढला जातानाचा आहे.

तपासणी अशी करा. गाडी झटके देऊ लागली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि झाकण हळूच उघडा. हवा आत शिरल्याचा 'सूं' आवाज आला आणि लगेच सुरू केल्यावर गाडी नीट चालली, तर दुसरा पुरावा नको. आवाज ऐकू येत नसेल तर घरी उघड्या जागेत झाकण काढून फिलरच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बसवा आणि इंजिन १५-२० मिनिटं चालवा. पिशवी आत ओढली गेली तर टाकीला दुसरीकडून हवा मिळत नाही, म्हणजे सगळी भिस्त झाकणावर. तुमच्या मॉडेलमध्ये ती तशीच असते.

एक सावधगिरी: गाडी बंद पडल्यावर इग्निशन चालू ठेवून बसू नका. ओढायला पेट्रोल मिळालं नाही की एसयू पंपाचे पॉइंट (कॉइलचा वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेल्या अवस्थेत अडकतात, कॉइल तापते, आणि मग पंप खरोखरच जातो.

तापलेलं_बॉनेट

व्हेपर लॉकही (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं) असू शकतो ना? १० मिनिटांनी सुरू होणं हे त्याचंच लक्षण.

जुना_पाना

व्हेपर लॉक पुढे, इंजिनच्या उष्णतेजवळ होतो. तो ट्रॅफिकमध्ये किंवा गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना त्रास देतो, मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की कमी होतो. इथे उलट आहे. शिवाय व्हेपर लॉकचा टाकी किती भरली आहे याच्याशी एवढा थेट संबंध नसतो.

टिकटिक_पंप

झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर पंपाच्या श्वासनळ्या बघा. एसयू पंपाच्या डायाफ्रामच्या (हलून पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याच्या) कोरड्या बाजूलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते. एमजीबीत पंप मागच्या चाकाजवळ, चिखलाच्या माऱ्यात, म्हणून त्याच्या बॉडीच्या आणि टोकाच्या झाकणाच्या बारीक नळ्या डिकीत नेलेल्या असतात. नळी चिमटली, किंवा कुणी तिचं तोंड टेपने बंद केलं, तर डायाफ्राम पूर्ण हलत नाही आणि लक्षणं हुबेहूब टाकीसारखीच दिसतात. नळ्या काढून साध्या हातपंपाने हवा मारा.

टिकटिकही ऐकत चला. मंदावून थांबणं म्हणजे ओढण्याच्या बाजूला अडथळा. अखंड, वेगाने टिकटिक म्हणजे त्या बाजूला हवा गळतेय किंवा टाकी रिकामी आहे.

वायर_व्हील

झाकण उघडल्यावर मोठा 'सूं' आला आणि गाडी लगेच सुरळीत झाली. नवीन झाकणाला भोक पाडलं तर चालेल?

जुना_पाना

पाडू नका. आरपार भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि भरलेल्या टाकीने वळण घेताना पेट्रोल रंगावर सांडतं. हवेची वाट असलेलं झाकण घ्या. हवेची वाट असलेलं आणि नसलेलं, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, गोंधळ तिथेच होतो. जुनं झाकण जपून ठेवलं असेल तर त्याच्या आतल्या तबकडीची वाट मोकळी करून नवीन सील घाला, तेच उत्तम.

कॅनिस्टर असलेल्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी उलटं: तिथे झाकण बंदच हवं, नाहीतर पेट्रोलचा वास सुटतो. त्या गाड्यांत हवा कॅनिस्टरमधून टाकीपर्यंत येते, म्हणून पोकळी झाली तर आधी कॅनिस्टरची तळाची फिल्टर गादी आणि टाकीकडची नळी बघा. नळीत हवा मारताना दोन्ही टोकं सोडवा. टाकीत कॉम्प्रेसरची हवा कधीच सोडू नका, पत्रा फुगतो. फ्लोट चेंबर ओसंडून पेट्रोल कॅनिस्टरमध्ये गेलं असेल तर कोळसा निकामी झालेला असतो. कॅनिस्टर बदला, पण आधी फ्लोटची सुई दुरुस्त करा.

टिकटिक_पंप

वायर_व्हील, महिनाभर पत्रा आत-बाहेर झाला आहे, तेव्हा झाकण बदलल्यावर टाकीचे जोड बघा. बॅटरी सोडवून, गाडी उघड्यावर ठेवून कडा कोरड्या पुसा, टाकी पूर्ण भरा आणि खाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. पुढचे ३००-४०० किमी फिल्टरवरही नजर ठेवा. हललेल्या पत्र्यावरून गंजाचे पापुद्रे सुटतात आणि आधी पिकअपच्या जाळीवर, मग फिल्टरमध्ये जमतात.