अनुभव धागा: इंग्लंडातल्या तुमच्या गावचा ब्रास बँड

अपरमिलवाली (धागाकर्ती)

काल संध्याकाळी अपरमिलला कालव्याकाठी फिरत होते. एका हॉलच्या उघड्या खिडकीतून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता आणि एक जाड्या आवाजाचं वाद्य दर वेळी त्याच जागी अडखळत होतं. चौथ्यांदा आतले सगळे हसले. म्हटलं, आला व्हिट फ्रायडे!

नव्यांसाठी थोडक्यात सांगते. ईस्टरनंतरचा सातवा रविवार म्हणजे व्हिट संडे, त्याच्या पुढचा शुक्रवार आमचा. ओल्डहॅमच्या पूर्वेला डोंगरात सॅडलवर्थची गावं आहेत: डेल्फ, डॉबक्रॉस, ग्रीनफील्ड, अपरमिल वगैरे. सकाळी चर्चच्या मिरवणुका निघतात आणि दुपारपासून रात्रीपर्यंत बँडच्या स्पर्धा चालतात, त्या १८८४ पासून. शंभरावर बँड बसने गावोगाव फिरतात. उतरायचं, रस्त्यावरून एक मार्च वाजवत यायचं, उभं राहून दुसरा वाजवायचा, की पळत पुन्हा बसमध्ये. परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये नाहीतर माडीवरच्या बंद खोलीत. कोण वाजवतंय ते त्याला दिसता कामा नये.

मी पहिल्यांदा पाहिलं ते धो धो पावसात. बास या वाद्याचा कर्णा आभाळाकडे उघडा असतो. दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने मार्च संपल्यावर आपला बास उलटा केला, तर आतून पाणी पडलं. आपण हंडा उपडा करतो ना, तसं. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

आता तुम्ही लिहा. अट एकच: यूट्यूबवरचं नको, स्वतः ऐकलेलं हवं.

निपाणीकर

मी ओल्डहॅम भागात १९७४ साली डॉक्टर म्हणून आलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅडलवर्थ यॉर्कशरमधून काढून ओल्डहॅमला जोडलं गेलं होतं. लोक भडकलेले. आमचं निपाणी १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं, त्यामुळे मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. सॅडलवर्थवाले आजही स्वतःला यॉर्कशरचेच म्हणवतात.

पहिल्या नाताळला माझी ड्यूटी होती. सकाळी बँडमधले सहा-सात जण ओव्हरकोट घालून वॉर्डात आले आणि खाटांच्या मधोमध उभे राहून नाताळची गाणी वाजवू लागले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. सगळा जन्म सूतगिरणीत गेलेला, कापसाच्या धुळीने छाती कामातून गेलेली. तोंडावर ऑक्सिजन. मी नाडी बघायला हात धरला, तर उजव्या हाताची तीन बोटं ब्लँकेटवर हलताहेत. मला वाटलं झटके येताहेत. सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, सोडा त्यांचा हात. वाजवताहेत ते." कॉर्नेटला (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) तीनच व्हॉल्व्ह, म्हणजे दाबायच्या कळा, असतात, हे मला तेव्हा कळलं.

लालबागची

निपाणीकर काका, वाचून गप्पच झाले.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. इंग्रजी लिहिता येत नव्हतं, पण ओल्डहॅम या नावाची सहा इंग्रजी अक्षरं चित्र काढावं तशी काढून दाखवायचे. त्यांच्या यंत्रावरच्या ओतीव पट्टीवर ती होती: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. मुंबईच्या किती गिरण्यांत या कंपनीची यंत्रं होती! पुढे मी नोकरीसाठी इकडे आले आणि हायवेवर तीच सहा अक्षरं दिसली. नवऱ्याला म्हटलं, गाडी हळू घे.

इथले बरेच जुने बँड गिरण्यांच्या आणि खाणींच्या आधाराने वाढले. ब्रॅडफर्डजवळ क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक बँड घ्या. गिरणीमालक जॉन फॉस्टर स्वतः फ्रेंच हॉर्न वाजवायचा. त्याने १८५५ मध्ये गावच्या बँडला आपल्या गिरणीचा आधार दिला. गिरणी थांबली, बँड अजून वाजतो. गिरणगावात चाळीचाळीत भजनी मंडळं होती, पण एखाद्या शेटने टाळ घेऊन दिल्याचं आजोबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

तिरकस

रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. साठ-सत्तरच्या दशकांत ओल्डहॅमच्या गिरण्यांच्या रात्रपाळीला मोठ्या संख्येने पाकिस्तानी आणि बांगलादेशी माणसं होती. पबच्या भिंतीवरच्या बँडच्या जुन्या फोटोंत त्यातलं कुणी दिसतं का बघा. मला तरी नाही दिसलं. तालमीची वेळ संध्याकाळची, म्हणजे यांची डबा घेऊन निघायची. "आमचं जुनं गाव" म्हणून हळवं होणारे शेजारी मला आवडतात, पण ते गाव संध्याकाळी सातनंतर आणखी कुणाचं तरी होतं.

(बँड मात्र ऐकतो. दर वर्षी. डेल्फला.)

अपरमिलवाली (धागाकर्ती)

तिरकस, बेरंग कसला! हे हवंच होतं. त्या रात्रपाळीवाल्यांच्या घरचं कुणी वाचत असेल तर लिहा, वाट बघते.

इथलीच

माझा जन्म इथलाच, मराठी आईकडून आलेलं. चुका पोटात घाला.

सकाळच्या मिरवणुकीत मी आठ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीबरोबर चालले. मोठं रेशमी बॅनर दोन दांड्यांवर असतं, त्याच्या फिती मुलींनी धरायच्या. व्हिटला नवे कपडे घालायची इथली जुनी पद्धत, आणि शेजारपाजारचे ते बघून मुलांच्या खिशात नाणं टाकायचे. आईने तिच्या पांढऱ्या वॉयलच्या साडीतून फ्रॉक शिवला. खिसा नव्हता. शेजारच्या आजींनी दहा पेन्स हातात धरून सगळीकडे खिसा शोधला आणि शेवटी माझ्या मोज्यात घातले. पूर्ण मिरवणूक ते नाणं टाचेखाली टोचत होतं. वारा सुटला की फीत हातातून ओढली जायची, आणि बँड मागे इतका जवळ की ड्रम पाठीत वाजायचा.

टेनर हॉर्न

मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले. मुलीला सोडायला गेले होते, तिथल्या बाईंनी माझ्याही हातात एक वाद्य दिलं. फुकट, घरी न्यायला! पहिले पंधरा दिवस फुर्रर्र सोडून काही निघालं नाही. गंमत म्हणजे बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्या पितळी वाद्यांचं नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात. कॉर्नेटची बोटं येत असली की हॉर्नवर तीच चालतात, त्यामुळे माणूस कमी पडलं की कुणालाही कुठेही बसवता येतं. तालीम संपली की प्रत्येकाच्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं. थुंकी नाही हो, श्वासाची वाफ. (थोडी थुंकी.)

सांगलीहून आई आली होती. मला लाल कोटात पाहून म्हणाली, "एवढं शिकून शेवटी वरातीत वाजवायला लागलीस होय गं?"

डरहॅमवाला

आमच्याकडे, ईशान्य इंग्लंडातल्या कोळशाच्या पट्ट्यात, स्पर्धा नाही, मेळावा. जुलैचा दुसरा शनिवार, खाणकामगारांचा, १८७१ पासूनचा. डरहॅमच्या पट्ट्यातली शेवटची खाण १९९३ मध्ये बंद झाली, तरी गावोगावची बॅनर त्यांच्या बँडमागून येतातच. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस गेला तिच्या बॅनरवर काळं कापड असायचं. वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या खाणीत १९३४ साली २६६ जण गेले. त्यांच्यासाठी इकडच्याच एका खाणकामगाराने रचलेली संथ धून वाजते, तेव्हा हातात बिअर असलेली माणसंही टोपी काढतात. मी ती टोपी नसताना काढायला गेलो होतो.

नवीन_ओल्डहॅम

या वर्षी जायचंय. गाडी कुठे लावायची? गेल्या वेळी दोन तास रस्त्यातच अडकलो, एकही बँड दिसला नाही.

अपरमिलवाली (धागाकर्ती)

गाडी आणूच नका, रस्ते बंद असतात. ट्रेनने ग्रीनफील्डला उतरा आणि चालत या. छत्री, खुर्ची आणि सुटे पैसे घ्या, प्रत्येक गावात डबा फिरतो.

आज पुन्हा त्या खिडकीखालून गेले. बास अजून तिथेच अडखळतोय.